९ ते २१५ : एका आकड्यामागे गेलेले तेरा महिने

ती पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा तिच्या हातात तीन रिपोर्ट होते. पहिल्यावर ड जीवनसत्त्वाची पातळी ९, दुसऱ्यावर २४, आणि आदल्या संध्याकाळी आलेल्या तिसऱ्यावर २१५. "डॉक्टर, मला विषबाधा झाली आहे का?" हा तिचा पहिला प्रश्न. शेजारी बसलेला नवरा फोनवर काहीतरी वाचत होता. हे जीवनसत्त्व जास्त झालं की मूत्रपिंडांचं काय होतं, ते. दोघांचीही रात्र जागून गेली होती.

मी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिले दोन एका प्रयोगशाळेचे, तिसरा दुसऱ्या. पहिल्या दोघांवर एकक होतं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, तिसऱ्यावर नॅनोमोल प्रति लिटर. एक नॅनोग्रॅम म्हणजे अडीच नॅनोमोल. २१५ ला अडीचने भागलं की येतात ८६. विषबाधेची लक्षणं साधारणपणे १५० नॅनोग्रॅमच्या पुढे दिसू लागतात, आणि तीही रक्तातलं कॅल्शियम वाढल्यामुळे. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, यांपैकी तिला काहीच नव्हतं. त्याच दिवशी कॅल्शियम तपासलं, ते ९.८ मिलिग्रॅम आलं. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही ठीक. म्हणजे पातळी गरजेपेक्षा खूपच जास्त होती, पण विषबाधा नव्हती.

तिचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र पडला नाही, कारण माझं लक्ष आकड्यांवरून तारखांवर गेलं होतं. पहिल्या आणि तिसऱ्या रिपोर्टमध्ये तेरा महिन्यांचं अंतर होतं. ही बाई मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेली होती. आणि त्या तेरा महिन्यांत ड जीवनसत्त्व सोडून तिची, किंवा तिच्या नवऱ्याची, एकही तपासणी झालेली नव्हती.

हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तेरा महिन्यांची हकिगत

वय ३१, वजन ७८ किलो, उंची १६० सेंटिमीटर. मुलासाठी प्रयत्न सुरू होऊन २५ महिने झालेले. पहिलं वर्ष त्यांनी वाट पाहण्यात घालवलं, आणि ते बरोबरच होतं. पस्तिशीच्या आतल्या जोडप्यांपैकी साधारण ८५ टक्क्यांना वर्षभरात दिवस जातात, म्हणूनच त्या वयात बारा महिने थांबून मग तपासणीला लागावं असं सांगितलं जातं. पस्तिशीनंतर सहाच महिने थांबायचं. वर्ष संपल्यावर ती एका दवाखान्यात गेली. तेव्हा तिच्या पायांची हाडं दुखत होती, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या, थकवा होता. तिथे ड जीवनसत्त्व तपासलं गेलं, ते ९ आलं. "आधी हे भरून काढू, मग बाळाचं बघू," असं सांगून ६०,००० युनिटचा आठवड्यातून एकदा घ्यायचा डोस आठ आठवड्यांसाठी लिहून दिला.

इथपर्यंत चूक नव्हती. ९ ही खरोखरच कमी पातळी आहे, आणि हाडं दुखत असताना तर उपचार करायलाच हवेत. दोन महिन्यांत पायांचं दुखणं गेलं, जिना सोपा झाला. औषधाने जे करायचं ते केलं. या लेखात पुढे मी ड जीवनसत्त्वाबद्दल बरंच कडक लिहिणार आहे, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवते.

बिनसलं ते त्यानंतर. आठ आठवड्यांनी पातळी २४ आली. रिपोर्टवर छापलं होतं की ३० च्या खाली 'अपुरी'. म्हणून डोस चालू राहिला, आणि या वेळी चिठ्ठीवर थांबण्याची तारीख नव्हती. मग तिने कुठेतरी वाचलं की दिवस राहायचे तर पातळी ४० ते ६० हवी. मैत्रिणीने सांगितलं की तिची बहीण पातळी ५० झाल्याच्या महिन्यातच गरोदर राहिली. मग ही दर आठवड्याला न चुकता डोस घेत राहिली. भरीला कॅल्शियमची गोळी, ज्यात ड जीवनसत्त्व होतंच, आणि एक मल्टिव्हिटॅमिन, त्यातही होतं. आधी पातळी, मग बाळ, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. दर महिन्याला पाळी आली की ती स्वतःला समजवायची, अजून आकडा भरला नसेल.

'दर महिन्याला' हे मी लिहिलं खरं, पण तिथेच तर सगळी मेख होती.

जो प्रश्न कुणी विचारला नव्हता

मी विचारलं, "पाळी किती दिवसांनी येते?"

"येते नियमित. थोडी पुढे जाते कधी कधी."

"थोडी म्हणजे?"

तिने फोनमधल्या नोंदी उघडल्या. बाईने शिस्तीने तारखा लिहून ठेवल्या होत्या. आम्ही दोघींनी मिळून मोजल्या. त्या तेरा महिन्यांत पाळी आठ वेळा आली होती. दोन पाळ्यांमध्ये कधी ४२ दिवस, कधी ५५. अठ्ठावीस दिवसांचं चक्र असतं तर तेवढ्या काळात चौदा पाळ्या आल्या असत्या. आणि त्या आठांपैकी किती चक्रांत स्त्रीबीज खरोखर बाहेर पडलं, ते कुणीच पाहिलं नव्हतं. पस्तीस दिवसांपेक्षा लांब जाणारी पाळी बहुतेक वेळा हेच सांगत असते की बीज एक तर उशिरा सुटतंय, किंवा सुटतच नाही.

"पण डॉक्टर, पाळी लांबत होती ती डी कमी असल्यामुळेच ना?" तिने विचारलं. तिचा हिशेब सरळ होता. पण तिच्याच नोंदींत उत्तरही होतं. शेवटच्या चार महिन्यांत पातळी नक्कीच भरपूर असणार, आणि त्या चार महिन्यांत पाळ्या आल्या होत्या दोन.

हनुवटीवरचे केस ती नियमित काढत होती, त्याबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं आणि संकोचामुळे तिनेही सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोश मोठे, कडेने बारीक बारीक फॉलिकल्सची, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशव्यांची, माळ. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच हे हार्मोन ८.२ नॅनोग्रॅम, म्हणजे जास्त. थायरॉईड ठीक, प्रोलॅक्टिन ठीक. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ५.८, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याच्या अलीकडची पायरी. नवऱ्याची वीर्यतपासणी उत्तम. बीजनलिका दोन्ही मोकळ्या. पीसीओएसचं, म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याच्या हार्मोनच्या विकाराचं, निदान व्हायला आम्हाला दोन भेटी लागल्या.

एक गोष्ट मला अजून टोचते. तेरा महिने दर आठवड्याला एक औषध आठवणीने घेणाऱ्या या बाईला फोलिक ॲसिड कुणीही सुरू करून दिलं नव्हतं. गर्भधारणेआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मेंदूच्या आणि पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषांचा धोका घटतो. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या मात्रेच्या फोलिक ॲसिडने हा धोका ७२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला होता. गर्भधारणेआधीच्या जीवनसत्त्वांत एवढा भक्कम पुरावा दुसऱ्या कशालाही नाही. ते राहून गेलं, आणि ज्याचा पुरावा डळमळीत ते डोसावर डोस मिळत गेलं.

ड जीवनसत्त्वाचा प्रजननाशी संबंध आहे की नाही?

आहे. आणि तो नाकारून मला हे प्रकरण सोपं करायचं नाही.

त्वचेत सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी किरणांनी तयार होणारं हे जीवनसत्त्व यकृतात एक रूप बदलतं. रक्तात आपण मोजतो ते हेच. मूत्रपिंडात दुसऱ्यांदा रूप बदललं की त्याचं हार्मोन होतं. या हार्मोनला ओळखणारे रिसेप्टर हाडांत आणि आतड्यात तर आहेतच, पण बीजांडकोशात, गर्भाशयाच्या अस्तरात, वारेत, पिट्युटरी ग्रंथीतही आहेत. एएमएच बनवणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर येऊन चिकटू शकतो अशी जागा आहे. ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नसतो त्या माद्यांची बीजं नीट वाढत नाहीत, गर्भाशय खुरटतं. मात्र त्यांना कॅल्शियम भरपूर दिलं की यातला काही भाग सुधारतो, म्हणजे सगळा दोष थेट ड जीवनसत्त्वाच्या अभावाचा नसून काही अंशी कॅल्शियमच्या तुटवड्याचाही असतो. हा तपशील सहसा कुणी सांगत नाही.

माणसांकडे वळलं की चित्र आणखी मोहात पाडणारं आहे. २०१८ साली आयव्हीएफसारखे उपचार घेणाऱ्या सुमारे २,७०० स्त्रियांच्या ११ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. ज्यांची पातळी पुरेशी होती त्यांना जिवंत बाळ होण्याचं प्रमाण जास्त होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे १,२०० स्त्रियांचा अभ्यास आला. या सगळ्यांचा आधी एक किंवा दोन वेळा आपोआप गर्भपात झालेला. गर्भधारणेआधी पातळी ३० किंवा जास्त असलेल्यांना दिवस राहण्याचं आणि बाळ हाती येण्याचं प्रमाण थोडं जास्त. पीसीओएसमध्ये बीज तयार होण्याची औषधं घेणाऱ्या स्त्रियांतही, २० च्या खाली पातळी असलेल्यांत बीज सुटण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे.

हे वाचून कुणालाही वाटेल, मग भरा की पातळी. मलाही वाटलं होतं. २०११ साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने ३० ची रेष आखली आणि पुढची काही वर्षं मी वंध्यत्वाच्या प्रत्येक फाइलवर ही तपासणी लिहीत होते. त्या काळातली ३७ वर्षांची एक रुग्ण मला आजही आठवते. पातळी २२ होती म्हणून मी तिचं उपचाराचं चक्र दोन महिने पुढे ढकललं. त्या वयात दोन महिन्यांचं मोल काय असतं ते मला माहीत होतं, तरीही. ते दोन महिने मी तिला परत देऊ शकले नाही.

अडचण अशी की वर सांगितलेले सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. कुणाची पातळी जास्त असते? ज्या बाहेर हिंडतात-फिरतात, व्यायाम करतात, ज्यांचं वजन आटोक्यात असतं, ज्या आजारी नसतात. त्यांना दिवस राहण्याची शक्यता तशीही जास्तच असते. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, त्यामुळे वजन जास्त असलं की तेच जीवनसत्त्व मोठ्या जागेत पसरतं आणि रक्तात कमी दिसतं. माझ्या या रुग्णाचंच पाहा. वजन जास्त, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, बीज सुटत नाही, आणि पातळी कमी. यातल्या चौथ्या गोष्टीने दुसरी-तिसरी घडवली, की पहिलीने बाकीच्या तिन्ही? नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून हे कधीच कळणार नाही.

ते कळतं चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्यावर. इटलीत असा प्रयोग झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयव्हीएफ करून घेणाऱ्या आणि पातळी ३० च्या खाली असलेल्या ६३० स्त्रिया. अर्ध्यांना ड जीवनसत्त्वाचा ६,००,००० युनिटचा एकच मोठा डोस, अर्ध्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय द्रव. जीवनसत्त्व मिळालेल्यांत ३७ टक्क्यांना दिवस राहिले, न मिळालेल्यांत ४० टक्क्यांना. फरक नाहीच म्हणायचा.

या प्रयोगावर आक्षेप घेता येतात. एकदम एवढा मोठा डोस शरीर रोजच्या छोट्या डोससारखं वापरत नाही असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. अगदी खालच्या पातळीच्या स्त्रियांत वेगळं दिसलं असतं, असंही म्हणता येईल. पण "पातळी ३० च्या वर गेल्याशिवाय पुढचे उपचार नकोत" या सल्ल्याला या प्रयोगानंतर आधार उरत नाही. खुद्द एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात ३० च्या रेषेचा आग्रह सोडला आणि निरोगी लोकांची ही तपासणी सरसकट करू नका असं सुचवलं. हाडांच्या दृष्टीने बहुतेकांना २० पुरेसे आहेत, असं अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०११ च्या अहवालाने सांगितलंच होतं. म्हणजे माझ्या रुग्णाची २४ ही पातळी एका संस्थेच्या हिशेबाने अपुरी आणि दुसरीच्या हिशेबाने पुरेशी होती. त्या एका छापील रेषेपायी तिचे पुढचे अकरा महिने गेले.

अस्तराच्या बाजूने एक धागा मात्र अजून सुटलेला नाही. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन गर्भधारणा करणाऱ्या स्त्रियांच्या एका अभ्यासात, बीज घेणारीची पातळी कमी असेल तर यश कमी दिसलं. बीज तरुण दात्रीचं, मग फरक पडला तो गर्भ रुजण्याच्या जागेत असेल, असा तर्क त्यातून निघाला. पण तशाच दुसऱ्या अभ्यासात फरक दिसला नाही. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. फक्त त्याचं उत्तर येईपर्यंत एखाद्या बाईला ताटकळत ठेवायला मी तयार नाही.

उपचार

ड जीवनसत्त्वाचं सगळं बंद केलं. कॅल्शियमची गोळीही. फोलिक ॲसिड सुरू केलं. वजनाबद्दल बोलले, पण तिला वचन दिलं की वजन उतरेपर्यंत उपचार थांबवणार नाही. एका अटीतून सुटलेल्या बाईला मी दुसऱ्या अटीत अडकवणार नव्हते.

पीसीओएसमध्ये बीज तयार होण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस २.५ मिलिग्रॅम अशी सुरुवात केली. पहिल्या चक्रात सोनोग्राफीत एकही फॉलिकल पुढे आलं नाही. ती रडली. "पातळी खाली आली असेल," ती म्हणाली. तेरा महिन्यांची सवय एका भेटीत जात नाही.

तिला मी कागदावर काढून दाखवलं. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तात्पुरतं कमी करतं. मेंदूला वाटतं बीजांडकोश झोपलेत, म्हणून तो एफएसएच, म्हणजे फॉलिकल वाढवणारं हार्मोन, वाढवतो. ते वाढलं की एखादं फॉलिकल जागं होतं. तिच्या बीजांडकोशांना २.५ ची हाक ऐकू आली नाही, पुढच्या वेळी जरा मोठ्याने मारू. एवढंच.

दुसऱ्या चक्रात ५ मिलिग्रॅम. पंधराव्या दिवशी डाव्या बाजूला १९ मिलिमीटरचं फॉलिकल. बीज सुटल्यानंतर आठवड्याने प्रोजेस्टेरॉन ११ नॅनोग्रॅम. ते ३ च्या वर असलं की बीज सुटलं असं धरतात. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे बीज सुटल्याचा पुरावा होता. दिवस राहिले नाहीत, पाळी आली. पण या वेळी ती रडली नाही. एकोणतिसाव्या दिवशी आलेली पाळी तिने आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिली होती, आणि तिला तेच नवल वाटत होतं.

तिसरं चक्र तसंच. चाचणी होकारार्थी. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयात एकच गर्भ आणि हृदयाचे ठोके.

'मग नक्की कशामुळे?'

हे तिने विचारलं नाही, तिच्या नवऱ्याने विचारलं. लेट्रोझोलमुळे, की तेरा महिने भरलेल्या जीवनसत्त्वामुळे जमीन तयार झाली होती म्हणून?

मी त्याला खरं तेच सांगितलं. एका स्त्रीच्या एका गरोदरपणावरून हे सिद्ध करता येत नाही, कुठल्याच बाजूने. ज्या महिन्यात दिवस राहिले त्याच्या आसपास मी पातळी मुद्दाम पुन्हा पाहिली होती, तीही तिचं जुनं औषध उतरतंय ना हे पाहायला. ती ५१ होती. ८६ वरून उतरत उतरत ५१. आता मैत्रिणीच्या बहिणीचा न्याय लावायचा तर म्हणावं लागेल की ड जीवनसत्त्व कमी केल्याने दिवस राहिले. ते जितकं चुकीचं, तितकंच भरल्याने राहिले म्हणणंही चुकीचं. आधीच्या चार महिन्यांत तिचं वजनही चार किलोंनी उतरलं होतं, त्याचा वाटा असेल. नुसत्या नशिबाचा असेल. निरोगी, तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चारात एकीच्या आसपासच असते.

ज्याबद्दल मला शंका नाही ते एवढंच: बीज सुटल्याशिवाय दिवस राहत नाहीत, आणि तिचं बीज सुटत नाही हे कळायला पाळीच्या आठ तारखा पुरेशा होत्या. त्या तारखा सगळा वेळ तिच्या फोनमध्ये होत्या.

त्या पहिल्या डॉक्टरांना मी दोष देऊन मोकळी होऊ शकत नाही. कमी दिसलेली पातळी भरायला घेणं सोपं असतं. गोळी आहे, आकडा आहे, आकडा वाढताना दिसतो, रुग्णालाही काहीतरी होतंय असं वाटतं. पाळीच्या तारखा मोजत बसणं, नवऱ्याला वीर्यतपासणीला तयार करणं, हनुवटीवरच्या केसांबद्दल विचारणं, यात वेळ जातो आणि अवघडलेपणही येतं. मीही त्या सोप्या वाटेने गेले आहे.

आता मी काय करते ते सांगते. जिची हाडं-स्नायू दुखतात, जी उन्हात जातच नाही, जिचं आतड्याचं ऑपरेशन झालंय किंवा जिला अन्न नीट शोषलं न जाण्याचा विकार आहे, जी फिट्सची काही विशिष्ट औषधं घेते, तिची पातळी मी तपासते. २० च्या खाली असेल तर भरून काढते, चिठ्ठीवर शेवटच्या डोसाची तारीख लिहिते आणि पुढे रोजच्या छोट्या मात्रेवर आणते. प्रौढांसाठी रोज ६०० युनिट ही शिफारस आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये. बाकीच्यांना तपासणीशिवाय ही छोटी मात्रा दिली तरी चालते. आणि हे सगळं इतर तपासण्यांच्या बरोबरीने चालतं. त्यांच्याआधी नाही. पातळी ९ असली तरी त्याच आठवड्यात सोनोग्राफी होते, त्याच आठवड्यात नवऱ्याचा नमुना जातो. रक्तातल्या या जीवनसत्त्वाचं अर्धायुष्य दोन-तीन आठवड्यांचं असतं, पातळी नव्या जागी स्थिरावायला तीन महिने लागतात. त्याआधी पुन्हा तपासून काहीच कळत नाही. आणि तपासायचंच तर त्याच प्रयोगशाळेत, कारण एकच रक्त दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलं तर आकडे वेगळे येऊ शकतात, एककांचा घोळ तर निराळाच.

गरोदरपणात ड जीवनसत्त्वाची बाजू मला वंध्यत्वापेक्षा बळकट वाटते. २०२४ च्या त्याच मार्गदर्शनात गरोदर स्त्रियांना पातळी न तपासता हे जीवनसत्त्व द्यावं असं सुचवलं आहे, कारण रक्तदाब वाढून होणारी गुंतागुंत, वेळेआधी प्रसूती आणि कमी वाढीचं बाळ यांचा धोका त्याने घटण्याची शक्यता दिसते. म्हणून पहिली तिमाही संपता संपता, तिची जुनी साठवण उतरल्यावर, तिला रोजची ६०० युनिटची मात्रा सुरू केली. एचबीए१सी आधीच वर होतं, त्यामुळे साखरेवर डोळा ठेवला होता. सव्विसाव्या आठवड्यात गरोदरपणातला मधुमेह निघाला. आहार आणि चालणं एवढ्यावर तो आटोक्यात राहिला, इन्सुलिन लागलं नाही. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, २.९ किलोची.

घरी जाण्याच्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले, रोज ४०० युनिट, कारण आईच्या दुधात ते फारच कमी असतं. ती चिठ्ठी घेऊन ती माझ्या खोलीत आली. बाळ खांद्यावर झोपलेलं.

"किती होईपर्यंत द्यायचे, डॉक्टर? तपासणी कधी करू?"

"तपासणी नाही करायची," मी म्हटलं. "रोज चारशे, वर्षभर. बाळाचा आकडा बघायचा नाही."

तिने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि कोपऱ्यात स्वतःच पुढच्या वर्षीची तारीख लिहिली.